एका रानमांजराच्या चित्रामागचे अनेक हात

१८४५ साली छापलेल्या एका भल्यामोठ्या कागदावर अमेरिकेतलं एक रानमांजर गुरगुरतंय. कान मागे पाडलेले, तोंड उघडं, सुळे बाहेर. अंगावरची लव इतकी मऊ उतरली आहे की बोट फिरवायचा मोह व्हावा. चित्राच्या खाली दोन कोपऱ्यांत अगदी बारीक अक्षरं आहेत. डावीकडचा मजकूर सांगतो की हे चित्र जे. जे. ऑड्युबॉन यांनी निसर्गावरून काढलं. उजवीकडचा सांगतो की फिलाडेल्फियाच्या जे. टी. बोवेन यांनी ते शिळेवर उतरवून छापलं आणि रंगवलं.

आज लिलावात, संग्रहालयात किंवा इंटरनेटवर हे चित्र 'ऑड्युबॉनचं' म्हणूनच ओळखलं जातं. पण हा कागद ऑड्युबॉनच्या हातून आलेला नाही. त्याने मूळ चित्र काढलं. ते पाहून दुसऱ्या कुणी दगडावर रेखाटन केलं, तिसऱ्याने छापलं, आणि मग ज्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत अशा माणसांनी, त्यांतही बऱ्याच बायकांनी, कुंचला घेऊन एकेक प्रत रंगवली. म्हणून एकोणिसाव्या शतकातली हाताने रंगवलेली प्राणिचित्रं समजून घ्यायची असतील, तर चित्रकाराच्या नावापाशी थांबून चालत नाही. कागद ज्या ज्या हातांतून गेला त्या सगळ्या हातांचा माग काढावा लागतो. 

आधी मूळ ग्रंथाबद्दल. जॉन जेम्स ऑड्युबॉन १७८५ मध्ये आजच्या हैतीत जन्मला, फ्रान्समध्ये वाढला आणि तरुणपणी अमेरिकेत आला. त्याचं नाव झालं ते पक्ष्यांच्या चित्रांमुळे. १८२७ ते १८३८ या काळात त्याच्या पक्षिचित्रांचे ४३५ पट (पट म्हणजे एका कागदावर छापलेलं पानभर चित्र) छापले गेले, बहुतेक सगळे लंडनमध्ये रॉबर्ट हॅवेल यांच्याकडे, तांब्याच्या पत्र्यावर कोरून. प्रत्येक पक्षी त्याच्या खऱ्या आकारात. त्यासाठी जवळपास एक मीटर उंचीचा कागद वापरावा लागला. ते काम संपल्यावर पन्नाशी उलटलेल्या ऑड्युबॉनने दुसरा घाट घातला. उत्तर अमेरिकेतले सस्तन प्राणी. ग्रंथाचं नाव लांबलचक होतं: 'व्हिविपॅरस क्वाड्रुपेड्स ऑफ नॉर्थ अमेरिका', म्हणजे उत्तर अमेरिकेतले, अंडी न घालता पिल्लांना जन्म देणारे चतुष्पाद. वटवाघळं, सील आणि देवमासे त्यातून वगळले होते. १८४५ ते १८४८ या काळात मोठ्या आकाराचे १५० पट निघाले. कागद सुमारे ५६ बाय ७१ सेंटिमीटरचा. पक्ष्यांच्या कागदापेक्षा लहान, तरी मांडीवर ठेवून बघता येणार नाही एवढा मोठा.

सस्तन प्राणी पक्ष्यांपेक्षा सोपे असतील असं ऑड्युबॉनला वाटत होतं. त्याचा मित्र जॉन बाकमन याने त्याला वेळीच बजावलं की या भ्रमात राहू नकोस, याच्यापुढे पक्ष्यांचं काम काहीच नव्हे. बाकमन हा दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरातला ल्युथरन पंथाचा धर्मोपदेशक. व्यवसाय प्रवचनांचा, पण प्राण्यांचा अभ्यास असा की त्या काळी अमेरिकेतल्या खारी, ससे आणि चिचुंद्र्यांबद्दल त्याच्याइतकं जाणणारी माणसं फार थोडी होती.

त्याचं म्हणणं रास्तच होतं. पक्षी दिवसाढवळ्या फांदीवर बसतो, गातो, थव्याने उडतो. सस्तन प्राणी बहुतेक रात्री फिरतात, बिळात राहतात, माणसाची चाहूल लागली की नाहीसे होतात. शिवाय त्यांचे रंग फसवे. उत्तरेकडचा एक ससा उन्हाळ्यात तपकिरी आणि हिवाळ्यात पांढरा होतो, म्हणून या ग्रंथात त्याचे दोन वेगळे पट आहेत. लांडग्यांचं तर विचारूच नका. काळा, पांढरा आणि तांबूस असे तीन लांडगे तीन पटांवर येतात. हे तिन्ही वेगळे प्राणी नसून एकाच जातीचे प्रकार असावेत, हे बाकमनने मजकुरात मांडलं. खारींच्या बाबतीत मात्र गफलती झाल्याच. तेव्हा वेगळ्या जाती म्हणून नोंदलेल्या काही खारी पुढे एकाच जातीच्या निरनिराळ्या रंगाच्या निघाल्या. 

ऑड्युबॉन आणि बाकमन यांचं नातं नुसत्या मैत्रीचं नव्हतं, ते व्याही होते. ऑड्युबॉनचा धाकटा मुलगा जॉन वुडहाउस याने बाकमनच्या मरायाशी लग्न केलं, थोरला व्हिक्टर याने तिच्या बहिणीशी, मेरी एलायझाशी. दोघी मुली क्षयाने गेल्या, एक १८४० मध्ये, दुसरी १८४१ मध्ये. ग्रंथाचं काम जोर धरत होतं ते याच सुमाराला. दोन्ही घरांवर एकच दुःख कोसळलेलं आणि त्यातच पुस्तकाचा व्याप सांभाळायचा. पुढे बाकमन आणि ऑड्युबॉन कुटुंब यांच्यात कुरबुरी झाल्या, पत्रांतून तक्रारी झाल्या, बाकमनने काम सोडून देण्याची भाषाही केली. त्या साऱ्यामागे हा काळ आहे, असं मला वाटतं.

कामाची वाटणी साधारण अशी. ऑड्युबॉन आणि जॉन वुडहाउस प्राणी रंगवत. व्हिक्टर बऱ्याच चित्रांची पार्श्वभूमी, म्हणजे मागची झाडं, डोंगर, पाणी रंगवी आणि छपाईचा, पैशांचा, वर्गणीदारांचा हिशेब सांभाळी. बाकमन मजकूर लिही. आणि त्याच्या घरात होती त्याची मेहुणी मराया मार्टिन. पक्ष्यांच्या ग्रंथासाठी तिने फुलं-पानं रंगवली होती. आता बाकमनची दृष्टी त्रास देऊ लागली तेव्हा तो सांगेल ते लिहून घेणं, मजकूर तपासणं, नीट उतरवून काढणं ही कामं तिने केली. पुढे, बहिणीच्या मृत्यूनंतर, १८४८ मध्ये तिचं बाकमनशी लग्न झालं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तिचं नाव शोधाल तर सापडणार नाही.

प्राणी मिळवणं हे सगळ्यांत जिकिरीचं. वयाच्या ५८ व्या वर्षी, १८४३ मध्ये, ऑड्युबॉन मिसुरी नदीवरून पश्चिमेला निघाला. २५ एप्रिलला सेंट लुइसहून 'ओमेगा' ही आगबोट सुटली आणि १२ जूनला फोर्ट युनियनला पोचली. हे ठाणं यलोस्टोन नदीच्या संगमाजवळ, आजच्या नॉर्थ डकोटा आणि मोंटानाच्या सीमेवर. ४८ दिवसांचा प्रवास. सोबत मित्र एडवर्ड हॅरिस, मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यात पेंढा भरणारा जॉन बेल, चित्रकार आयझॅक स्प्रेग आणि मदतनीस लुइस स्क्वायर्स. रॉकी पर्वतापर्यंत पोचायचं त्याचं स्वप्न होतं, ते राहूनच गेलं. परत येताना त्याने एक जिवंत कोल्हा, एक बॅजर आणि एक हरिण आणलं. न्यूयॉर्कला मॅनहॅटन बेटाच्या उत्तर भागात, हडसन नदीकाठी त्याचं घर होतं. तिथे प्राणी पाळून त्यांच्यावरून चित्रं काढता येत.

घरी चार्ल्सटनला बाकमन वाट पाहत होता. त्याला नवे, लहानसहान, अजून कुणी न वर्णिलेले प्राणी हवे होते. त्याच्या हाती आली ती मुख्यतः बायसन या अमेरिकेतल्या रानबैलाच्या शिकारीची रसभरीत वर्णनं. तो वैतागला. अभ्यासकाला उंदराची एक नवी कवटी शंभर बायसनांपेक्षा मोलाची वाटते, आणि इथे ती मिळाली नव्हती.

जे प्राणी पश्चिमेत मिळाले नाहीत त्यांच्यासाठी जॉन वुडहाउस फिरला. आधी टेक्सासला, मग १८४६ मध्ये लंडनला. लंडनमध्ये कशाला? तर उत्तर अमेरिकेत फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या मुलुखातून आणि ध्रुवाकडे गेलेल्या मोहिमांतून आलेले अमेरिकेतल्या प्राण्यांचे नमुने तिथल्या संग्रहालयांत होते. म्हणजे 'निसर्गावरून काढलेलं' असं खाली छापलेलं असलं, तरी काही चित्रांमागचा निसर्ग लंडनमधल्या पेंढा भरलेल्या कातड्याचा आहे. शिवाय १८४६ च्या सुमाराला वडिलांची नजर अधू झाली, मग स्मृतीही ढासळत गेली. १५० पैकी जवळपास निम्म्या पटांची मूळ चित्रं धाकट्या मुलाची आहेत. ऑड्युबॉन २७ जानेवारी १८५१ ला वारला तेव्हा तीन खंडांचा मजकूर अजून पुरा झाला नव्हता. शेवटचा खंड १८५४ मध्ये आला.

मूळ चित्र तयार झालं की ते फिलाडेल्फियाला जाई. इथून पुढची हकीकत मला सगळ्यांत जास्त आवडते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

बोवेनच्या छापखान्यात तांबं नव्हतं, दगड होता. शिळाछाप. ही पद्धत आलोइस सेनेफेल्डर याने जर्मनीत १७९० च्या दशकाच्या अखेरीस शोधली. तिच्यासाठी बव्हेरियातल्या झोल्नहोफेन या गावचा बारीक कणांचा चुनखडीचा दगड उत्तम समजला जाई. ती आपल्याकडेही लवकर आली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये छापील मराठी पंचांग काढलं ते शिळाप्रेसवरच.

या पद्धतीत कोरायचं काही नसतं. दगड सपाटच राहतो. सगळी किमया तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही या एका गोष्टीवर चालते. आधी दोन दगड एकमेकांवर ठेवून, मधे वाळू आणि पाणी घालून घासतात. त्याने दगडाला अगदी बारीक खरखरीत पोत येतो. मग मेण, चरबी, साबण आणि काजळी यांपासून केलेल्या खडूने त्यावर चित्र काढतात. तेही उलटं. प्राणी छापात डावीकडे बघायला हवा असेल तर दगडावर उजवीकडे. हे काम ऑड्युबॉन करत नसे. छापखान्यातला शिळाचित्रकार मूळ चित्र समोर ठेवून ते दगडावर उतरवी. काही पटांवर अशा कारागिराचं नाव बारीक अक्षरांत सापडतं, पुष्कळांवर नाही.

चित्र काढून झालं की दगडावर डिंकाचं पाणी फिरवतात, त्यात थोडं नायट्रिक अ‍ॅसिड घातलेलं असतं. त्याने खडूची चरबी दगडात पक्की बसते आणि मोकळी जागा पाणी धरून ठेवायला तयार होते. आता दगड ओला करायचा. मोकळी जागा पाणी पिते, खडूच्या रेघा पाणी झिडकारतात. मग तेलकट शाईचा रूळ फिरवायचा. नेमकं उलटं होतं: ओली जागा शाई घेत नाही, चरबीच्या रेघा ती ओढून घेतात. वर कागद ठेवून दाबयंत्राखालून सरकवला की छाप उमटतो. पुन्हा पाणी, पुन्हा शाई, पुन्हा कागद.

सस्तन प्राण्यांसाठी दगड का निवडला, याचं एक साधं कारण खर्च. तांबं कोरायला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागत, आणि लंडनच्या फेऱ्या वेगळ्या. हॅवेल तर स्वतःच छापखाना बंद करून १८३९ मध्ये अमेरिकेत येऊन राहिला होता. पण चित्राच्या दृष्टीने पाहिलं तर दगड इथे जास्त शोभतो, असं माझं ठाम मत आहे. पिसाला धार असते, कड असते, ती तांब्यावरच्या कोरीव रेघेत छान उतरते. लवेला कड नसते. ती अंगाच्या सावलीत विरघळत जाते. दगडाच्या खरखरीत पोतावरून मऊ खडू फिरला की ठिपक्या-ठिपक्यांची जी पूड उमटते, ती लवच वाटते. जमल्यास त्या रानमांजराच्या पोटाखालचा भाग मोठा करून बघा. तिथे काळ्या रेघा जवळपास नाहीतच. आहे ती फक्त खडूची दाट-विरळ धूळ, आणि तिच्यातूनच पोटाची गोलाई दिसते.

एवढं झाल्यावरही हातात असतो तो काळा-पांढरा छाप. रंग अजून यायचाय.

रंगवण्यासाठी आधी एक नमुना-प्रत तयार होई, मूळ चित्राशी ताडून पक्की केलेली. ती समोर ठेवून बाकीच्या प्रती रंगवायच्या, जलरंगाने, एकेक करून. त्या काळच्या अशा कारखान्यांत एकच माणूस सहसा अख्खं चित्र रंगवत नसे. पंगतीत एक जण भात वाढत पुढे जातो, मागून दुसरा वरण आणतो, तिसरा भाजी, तसं इथे एकीने आकाशाचा हलका निळा द्यायचा, दुसरीने गवत, तिसरीने अंगाचा तपकिरी, आणि ज्याचा हात सगळ्यांत स्थिर त्याने डोळे, नाक, नखं. 

या रंगकामाची एक खुबी लक्षात घेण्यासारखी आहे. उजेड-सावलीचं सगळं काम काळ्या खडूने आधीच केलेलं असतं. रंगवणाऱ्याला अंगाची गोलाई घडवायची नसते. तो पातळ, पारदर्शक रंग सपाट लावतो आणि खालची खडूची सावली त्यातून वर येते. म्हणून एकच तपकिरी पाठीवर उजळ आणि पोटाशी गडद दिसतो. डोळ्यांवर, ओल्या नाकावर किंवा अंधाऱ्या कोपऱ्यात डिंकाचा हात दिला की तिथे चकाकी येते. कागद तिरपा धरला तर ती चकाकी आजही दिसते.

आता हिशेब करा. मोठ्या आवृत्तीला सुमारे ३०० वर्गणीदार मिळाले. प्रत्येकाला १५० चित्रं. म्हणजे ४५ हजारांच्या आसपास कागद, आणि त्यातला प्रत्येक कुणीतरी हाताने रंगवलेला. कोणतीही दोन चित्रं तंतोतंत सारखी नसण्याचं कारण हेच. एका प्रतीत गवत पोपटी, दुसऱ्यात शेवाळी. एकीत आकाश भरलेलं, दुसरीत नुसती झाक. जाणकार 'चांगला रंग' असलेली प्रत शोधतात, म्हणजे खरं तर त्या अनामिक हातांपैकी सर्वांत निष्णात हात शोधत असतात.

त्यांतलं एक नाव तरी आपल्याला माहीत आहे. बोवेनची बायको लव्हिनिया स्वतः रंगकाम करणारी होती, आणि १८५६ मध्ये तो वारल्यावरही छापखाना चालू राहिला. बाकीच्यांची नावं नाहीत. त्यांना किती मजुरी मिळे, दिवसाला किती कागद हातावेगळे होत, हे चित्राखालच्या ओळींतून कळत नाही. 

ही चित्रं विकली जात ती वर्गणीने. पाच चित्रांचा एक अंक, असे ३० अंक. अंकाला १० डॉलर, सगळे मिळून ३००. कष्टकऱ्याला दिवसाकाठी डॉलरभर मिळकत होण्याचा तो काळ. तेव्हा हे सामान्य घरातलं काम नव्हतं. वाचनालयं, श्रीमंत व्यापारी, विद्वान मंडळी हे गिऱ्हाईक. व्हिक्टरसारख्या माणसाशिवाय हा डोलारा उभा राहिला नसता, कारण वर्गणीदार मधेच सोडून जात आणि छापखान्याचं बिल मात्र थांबत नसे.

म्हणून मग लहान आवृत्ती काढायची ठरली. पक्ष्यांच्या बाबतीत हा प्रयोग १८४० ते १८४४ मध्ये झाला होता, बोवेनकडेच, आणि त्याला हजारावर वर्गणीदार मिळाले होते. ऑड्युबॉन कुटुंबाला खरा पैसा त्या लहान आवृत्तीने दिला. सस्तन प्राण्यांची लहान आवृत्ती १८४९ ते १८५४ मध्ये निघाली, १५५ चित्रांची, मजकुरासकट. चित्रं मोठ्यावरून लहान करताना 'कॅमेरा ल्युसिडा' नावाचं लोलकाचं साधन वापरत. त्यातून पाहिलं की समोरच्या चित्राची प्रतिमा खालच्या कागदावर पडल्यासारखी दिसते आणि ती गिरवता येते. आज बाजारात दिसणारी बरीचशी 'ऑड्युबॉनची प्राणिचित्रं' या लहान आवृत्तीतली पानं असतात.

चित्रांतला निसर्ग कितपत खरा? इथे एक प्राणी जवळून बघण्यासारखा आहे, काळ्या पायांचा फेरेट. पट क्रमांक ९३. मुंगसाएवढा, लांबोडका, डोळ्यांवर काळी पट्टी. बाकमन आणि ऑड्युबॉन यांनी १८५१ मध्ये त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, तेही फर कंपनीच्या अलेक्झांडर कल्बर्टसनकडून मिळालेल्या एका कातड्यावरून. जिवंत फेरेट दोघांपैकी कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे तो पक्षी, अंडी, ससे असं बरंच काही खात असेल असं मजकुरात येतं. प्रत्यक्षात हा प्राणी जवळजवळ पूर्णपणे प्रेअरी डॉगवर, म्हणजे कुरणात बिळं करून राहणाऱ्या खारीच्या कुळातल्या प्राण्यांवर जगतो आणि त्यांच्याच बिळांत राहतो. 

त्यानंतर पंचवीसेक वर्षं दुसरा नमुना मिळेना. असा प्राणी मुळात आहे की नाही, अशी शंका घेतली जाऊ लागली. १८७० च्या दशकात इलियट कूज या शास्त्रज्ञाने जाहीर मागणी करून नमुने मिळवले तेव्हा कुठे तो वाद मिटला. मग विसाव्या शतकात कुरणं नांगरली गेली, प्रेअरी डॉग विष घालून मारले गेले आणि फेरेट खरोखरच संपला असं मानलं गेलं. १९८१ मध्ये वायोमिंग राज्यात मीटीत्सी गावाजवळ एका शेतकऱ्याच्या कुत्र्याने मारलेला फेरेट घरी आणून टाकला आणि जवळच एक छोटी वसाहत सापडली. १९८७ पर्यंत उरलेले सगळे १८ फेरेट पकडून त्यांची पैदास सुरू झाली. १९९१ पासून त्यांना पुन्हा रानात सोडू लागले. डिसेंबर २०२० मध्ये तर १९८० च्या दशकात गोठवून ठेवलेल्या पेशींपासून एलिझाबेथ अ‍ॅन नावाची मादी क्लोन करून जन्माला आली. एका कातड्यावरून काढलेल्या चित्रातला प्राणी इतक्या वळणांनी आजपर्यंत पोचला आहे.

घरगुती उंदीर-घुशींची चित्रं मात्र डोळ्यांसमोर पाहून काढल्यासारखी आहेत. खरबुजावर ताव मारणारे तपकिरी उंदीर बघा. फोडलेल्या फळाचा गर, बिया, उंदरांच्या ओल्या मिशा. कुठलाही रानटी देखावा नाही, घराच्या परसातली चोरी आहे फक्त, आणि संपूर्ण ग्रंथातलं मला सर्वांत आवडणारं चित्र हेच. याउलट पाणमांजराचं चित्र बघवत नाही. त्याचा पाय पोलादी सापळ्यात अडकलाय. ऑड्युबॉनने हा विषय पूर्वी तैलरंगात पुन्हा पुन्हा रंगवून विकला होता.

ही क्रूरता चित्रापुरती नव्हती. मिसुरीच्या प्रवासात ऑड्युबॉनने रोजनिशीत लिहून ठेवलं की बायसनचे कळप आधीच लहान होत चाललेत, हे असंच चाललं तर ग्रेट ऑक या पक्ष्यासारखा बायसनही नाहीसा होईल, आणि हे होऊ देता कामा नये. ज्या मंडळीत बसून त्याने हे लिहिलं तीच मंडळी केवळ मजेसाठी बायसन मारत होती. पुढच्याच वर्षी, १८४४ मध्ये, ग्रेट ऑकची अखेरची ज्ञात जोडी आइसलँडजवळ मारली गेली. बायसनची संख्या कोट्यवधींवरून १८८९ पर्यंत हजाराच्या आसपास आली.

याहून गंभीर गोष्टही सांगायला हवी. ऑड्युबॉनने गुलाम बाळगले होते, विकले होते. बाकमनकडेही गुलाम होते. मिसुरीकाठी देवीच्या साथीने १८३७ मध्ये मंडान या मूलनिवासी लोकांचा जवळपास संहार झाला होता. ऑड्युबॉन तिथून सहा वर्षांनी गेला. तिथल्या मूलनिवासींबद्दल त्याने तिरस्काराने लिहिलं, आणि फोर्ट युनियनजवळ झाडावर ठेवलेली एका सरदाराची शवपेटी उतरवून त्याची कवटी काढून घेण्यात तो सामील होता. अमेरिकेत त्याच्या नावाने चालणाऱ्या पक्षिसंस्थेने २०२३ मध्ये नाव कायम ठेवलं, पण शहरा-शहरांतल्या काही शाखांनी ते सोडून दिलं. शाखांचं मला पटतं. चित्रं चांगली आहेत म्हणून माणसाला झाकून घ्यायचं कारण नाही. शिवाय ही चित्रं त्याच्या एकट्याची नव्हतीच, त्यामुळे त्याचं नाव उतरवल्याने त्यांचं काही उणंही होत नाही. 

हाताने रंगवायची ही पद्धत फार काळ टिकली नाही. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून यंत्रावरच रंगीत छपाई करणं जमू लागलं. पक्ष्यांचा मोठा ग्रंथ तसा छापायचा प्रयत्न जॉन वुडहाउसने १८५८ पासून न्यूयॉर्कच्या ज्युलियस बीन यांच्याकडे केला. यादवी युद्धाच्या धामधुमीत तो अर्धवट राहिला आणि कुटुंब कर्जात बुडालं. व्हिक्टर १८६० मध्ये गेला, जॉन १८६२ मध्ये. ऑड्युबॉनच्या विधवेने, ल्यूसीने, पक्ष्यांची मूळ जलरंगचित्रं १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या ऐतिहासिक सोसायटीला विकली. अनेक दगडांची तीच रंगीत पद्धत १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांच्या मुंबईतल्या छापखान्यात आली आणि घराघरात लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी पोचल्या. तिथे रंग दगडाचा होता. बोवेनच्या कागदावर तो बोटांचा होता.

कुणाला असं एखादं पान कुठे विकायला दिसलं, किंवा परदेशातल्या नातेवाइकाच्या भिंतीवर दिसलं, तर ते त्या काळातलं आहे की नंतरची नक्कल, हे ताडायला साधं भिंग पुरतं. नंतरच्या ऑफसेट छपाईत रंग म्हणजे लाल, निळ्या, पिवळ्या, काळ्या ठिपक्यांची नियमित जाळी असते. जुन्या पानात अशी जाळी नसते. काळ्या खडूची अनियमित पूड दिसते आणि तिच्यावरून पसरलेला सलग जलरंग. हा रंग कधी रेघेबाहेर गेलेला असतो, कधी थोडा अलीकडे थांबलेला. कुंचल्याचा थेंब सुकताना कडेला जरा दाट झालेला दिसतो. दगडाचा छाप असल्याने चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याचा दाबलेला चौकोन उमटत नाही, म्हणून तो नाही यावरून पान खोटं ठरवू नका. मोठ्या आवृत्तीच्या पानावर वरच्या बाजूला अंकाचा आणि पटाचा क्रमांक असतो, खाली प्राण्याचं नाव आणि बोवेनचा उल्लेख. पान उन्हात टांगलेलं असेल तर निळे-हिरवे फिके पडलेले असण्याची शक्यता धरा. आणि विकत घेण्याआधी पान कुठल्या बांधीव खंडातून फाडून काढलंय का, ते विचारा. एकेक चित्र सुटं विकलं की जास्त पैसे येतात म्हणून अनेक पूर्ण खंड असेच मोडले गेले आहेत.